आलोच आहोत तर…

ब्राझीलला निघालेला मराठी माणूस सल्ला मागायला येतो तेव्हा त्याचा बेत आधीच पक्का झालेला असतो. आमचे साडू तर कागदच घेऊन आले. दहा दिवसांत रिओ, इग्वासूचा धबधबा, ब्राझिलिया, अमेझॉन आणि तळाशी पेन्सिलीनं ‘जमल्यास माचूपिच्चू’. माचूपिच्चू पेरूत आहे, एवढंच मी म्हटलं.

“नकाशात शेजारीच दिसतंय की! एवढा पैसा ओतून आलोच आहोत तर…”

या ‘आलोच आहोत तर’नं आपल्या लोकांच्या जेवढ्या सहलींचं मातेरं केलंय, तेवढं पावसानंही केलं नसेल. ब्राझील सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या देशाच्या अडीचपट. रिओहून मनाउसला विमानानंसुद्धा चारेक तास लागतात. मुंबईहून दुबई त्याहून जवळ. मनाउसहून बेलेंला नदीतून जायचं तर बोटीत चार-पाच दिवस, आणि झोपायला हॅमॉक आपापला न्यायचा. डेकवर हे हॅमॉक इतके खेटून टांगलेले असतात की पलीकडच्यानं कूस बदलली की झोका आपल्याला बसतो. साडूंना थ्री-टायरमधलं शेजाऱ्याचं घोरणंही सोसत नाही. मी अमेझॉनवर काट मारली. ऑस्कर नीमायरच्या इमारती बघण्यासाठी जीव टाकणारा आर्किटेक्ट घरात नसेल तर ब्राझिलियाही खोडावं. रिओ आणि इग्वासू भरपूर झालं. रिओतही ख्रिस्ताच्या पुतळ्याचं तिकीट काढण्याआधी मान वर करून डोंगराकडे बघावं. तीस मीटरचा पुतळा ढगात अख्खा गडप होतो आणि वर गेलेली मंडळी धुक्याबरोबर सेल्फी काढून परततात.

चोरांची चौकशी सगळेच करतात. भीती खोटी नाही, पण विरार लोकलमध्ये हयात घालवलेल्या माणसाला वेगळं शिकवण्यासारखं फार नाही. रस्त्यात मोबाइल हातात मिरवू नये, आणि तो वाळूत टॉवेलखाली ‘लपवून’ समुद्रात शिरू नये. टॉवेलखाली बघायचं असतं हे तिकडच्या चोरांनाही ठाऊक आहे.

मला खरी धास्ती वाटते ती न्हाणीघराची. साध्या हॉटेलांत गीझर नसतो. शॉवरच्या तोटीतच विजेची कॉइल असते. डोक्यावरून पाणी येतं आणि त्याच तोटीतून दोन-तीन वायरी निघून, इन्सुलेशन टेप गुंडाळून, भिंतीत शिरतात. नळ मोठा सोडला की पाणी गार, बारीक केला की कढत. ओल्या हातानं तोटीवरच्या खटक्याशी खेळू नये. आमच्या मेहुणीबाईंनी हे ऐकून तिथल्या तिथे जाहीर केलं की दहा दिवस अंग पुसून घेतलं तरी चालतं.

आता जेवण. साडू माळकरी नाहीत, पण चतुर्थी आणि श्रावण पाळतात. तिकडे ‘मांस नको’ म्हटलं की वेटर समजूतदारपणे मान डोलावतो आणि हॅम आणतो. त्याच्या लेखी मांस म्हणजे गोमांस. कोंबडी, हॅम वगैरे किरकोळीत जमा. काळ्या घेवड्याची उसळ म्हणून फेजोआदावर हात मारावा, तर तळातून डुकराचा कान वर येतो. यावर उतारा म्हणजे वजनावर जेवण देणाऱ्या खाणावळी. ताट आपलं आपण वाढून घ्यायचं, तराजूवर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे मोजायचे. भात, भाज्या, कोशिंबिरी, तळलेली केळी, सगळं डोळ्यांना दिसतं. कलिंगड ताटात घेऊ नये. ते पाण्याचे पैसे होतात. हे मी सांगताच साडूंनी पहिल्यांदा पेन्सिल उचलून काहीतरी टिपून घेतलं.

रोदीझियोत मात्र त्यांना सोडायची सोय नाही. ठरावीक पैसे भरा, वेटर लांब सळ्यांवरचं भाजलेलं मांस टेबलापाशी आणून कापत राहतात. समोर एक चकती असते: हिरवी बाजू वर म्हणजे ‘आणा’, लाल म्हणजे ‘पुरे’. पैसे भरलेल्या मराठी माणसाच्या हातून ती लाल होत नाही. आणि त्या सळ्यांवर कूपिं नावाचा एक प्रकार असतो, तो म्हणजे बैलाचं वशिंड. वशिंडाची ही गुरं मूळची आपल्याकडचीच. नेलोर आणि गीर जातींची जनावरं इथून बोटीनं तिकडे गेली आणि बरकतीला आली. बैलपोळ्याला पुरणपोळी भरवणाऱ्या घरातल्या माणसानं हे जेवणाआधी ऐकलेलं बरं.

पैशांचं म्हणाल तर तिकडे २०२० पासून ‘पिक्स’ आहे, आपल्या यूपीआयचंच भावंड. पण त्याला तिथलं बँक खातं लागतं, तेव्हा कार्ड जवळ ठेवावं. दुकानात च्युइंगगम घेतलं तरी गल्ल्यावरची मुलगी ‘सेपेएफ’ नंबर विचारते. तो त्यांचा करदात्याचा नंबर. हसून नकारार्थी मान हलवावी, ती रागावत नाही.

रागावण्याची तिकडे पद्धतच कमी. कुणी आठला जेवायला बोलावलं तर आठला जाऊ नये, यजमान आंघोळीला गेलेले असतात. गेल्यावर बायका गालाला गाल लावून स्वागत करतात. साओ पावलोत एकदा, रिओत दोनदा.

“रिओच बरं,” साडू म्हणाले. मेहुणीबाईंनी नुसतं बघितलं.

शेवटी मी पिवळ्या तापाच्या लशीचं काढलं. निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यायची आणि दाखला पासपोर्टला लावून ठेवायचा. तो नसेल तर तिकडून परतल्यावर आपलेच अधिकारी सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

साडूंनी थोडा वेळ हिशेब केला.

“त्या सहा दिवसांत राहणं-जेवण सरकारकडे का?”