भिंतीला पाणी कोण पाजणार?

आमच्या तालुक्यात पाणी कुठे आहे, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच: भिंतीत. नळाला नाही, उन्हाळ्यात विहिरीला नाही, बोअरचं तर नावच काढू नका. गिरणेचं धरण पांझणला, म्हणजे आमच्याच नांदगाव तालुक्यात. पण त्यातला मोठा वाटा जातो जळगाव जिल्ह्याच्या शेतीला. मनमाडकरांनी पंधरा-वीस दिवसांनी सुटणाऱ्या नळावर पिढ्या काढल्या. आणि तरीही श्रावणात कुठल्याही नव्याकोऱ्या बंगल्यात जा आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवा. गार लागतं. हात उचलला की सोबत रंगाचा पोपडा येतो.

घरमालकाला हे ठाऊक असतं. डाग छोटा असेल तोवर त्याच्यावर कालनिर्णय. डाग कालनिर्णयाबाहेर आला की कपाट सरकवायचं. कपाटाच्या पाठीला बुरशी धरली की पीव्हीसीचं पॅनेल ठोकून घ्यायचं, वर बारीक दिव्यांची माळ. पॅनेलच्या मागे काय चाललंय ते पालींना ठाऊक. पाहुणे म्हणतात, ‘वा, इंटेरिअर केलंत वाटतं!’

आता कुणी म्हणेल, नियम नसतील. नियम ढीगभर आहेत. २ डिसेंबर २०२० ला राज्य सरकारनं मुंबईसारखे काही अपवाद सोडून अख्ख्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू केली. नाव ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’. हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला परवानगी तिथल्या तिथे द्यावी असं माझं मत आहे. इंजिनिअर मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात आणि बाकीचे ‘ते एफएसआयचं पुस्तक’, कारण त्यातलं तेवढंच प्रकरण सगळे वाचतात. शिवाय भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे: १९७० साली पहिल्यांदा निघालेली, २०१६ साली सुधारून दोन जाडजूड खंडांत छापलेली.

या संहितेत छपराबद्दल एक फार सुंदर कलम आहे. छपरावरचं पाणी पुरेशा पाइपांनी असं वाहून न्यावं, की त्यामुळे इमारतीच्या भिंतींना, छपराला किंवा पायाला कुठेही ओल येऊ नये. इथवर ठीक. पण पुढे म्हटलंय: शेजारच्या इमारतीलाही येऊ नये. हा नियम उद्या सकाळी खरोखर अमलात आणला, तर दुपारच्या जेवणापर्यंत निम्मं गावठाण उरलेल्या निम्म्याला नोटीस देऊन मोकळं होईल.

कारण गावठाणात बाजूला अंतर न सोडता बांधायची मुभा आहे. जागा इंचाइंचानं विकत घेतलेली, त्यामुळे ती योग्यही आहे. पण होतं असं: नाना पहिले बांधतात, एक मजला, वर पत्रा. चार वर्षांनी शेजारचे भाऊ बांधतात, तीन मजले. नानांच्या बाजूची भिंत हद्दीवरच उभी राहते. तिला बाहेरून प्लास्टर करायचं तर परांची बांधायला नानांच्या पत्र्यावर पाय ठेवावा लागतो. नाना म्हणतात, ‘पाय ठेवून तर बघ.’ भाऊ म्हणतात, ‘राहू दे मग, तिकडून कोण बघतंय?’ झालं. रस्त्याकडच्या भिंतीला टेक्श्चर पेंट, काच, ग्रॅनाइटच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘मातोश्री’. बाजूच्या भिंतीला तीन मजले उघडी लाल वीट. रेल्वेनं नांदगावात शिरताना खिडकीतून बघा. आमचं गाव आपली पाठ दाखवत उभं असतं, आणि पाठीवर सदरा नसतो.

पावसाला हे कुणी कळवलेलं नाही. तो रस्ता कुठल्या बाजूला आहे ते बघून पडत नाही. झड आली की पश्चिमेची भिंत झोडपते, मग ती दर्शनी असो वा नसो. आणि विटेचं म्हणाल, तर साध्या भाजक्या विटेनं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी भारतीय मानकाची हरकत नाही. तीन किलोची वीट म्हणजे ६०० ग्रॅम पाणी, तेही कायदेशीर. तीन मजल्यांच्या विटा मोजा आणि गुणाकार करा. पालिकेच्या टाकीपेक्षा साठवण जास्त निघाली तर मला जबाबदार धरू नये.

बरं, बाहेरून प्लास्टर केलेल्या भिंती तरी कोरड्या असतात का? नसतात. याचं कारण कुठल्याही बांधकामावर संध्याकाळी पाच वाजता ऐकू येतं.

‘मिस्तरी, प्लास्टरला पाणी मारलं का?’

‘मारलं ना भाऊ, सकाळीच मारलं.’

‘आज सकाळी?’

‘आज कुठून? आज टँकर कुठे आलाय? परवा सकाळी.’

मिस्तरी खोटं बोलत नाही. सिमेंटचं गणित इतकं साधं आहे की ते कुणी मनावरच घेत नाही. सिमेंट वाळून पक्कं होत नाही, पाणी पिऊन पक्कं होतं. पहिल्या आठवड्यात ते तहानेलं राहिलं तर आकसतं आणि अंगभर केसाएवढ्या चिरा पडतात. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवा म्हणतं आणि पुढे बजावतं, हवा गरम आणि कोरडी असेल तर दहा. बाहेरच्या गिलाव्यालाही आठवडाभर ओलावा हवाच. आता गरम आणि कोरडी हवा म्हणजे नेमकी कुठली, हे ठरवायला मानक ब्युरोच्या समितीला मे महिन्यात नांदगाव स्टेशनवर उतरवावं. फलाटावरून बाहेर येईपर्यंत एकमत होईल.

आणि आमच्याकडे प्लास्टर होतं कधी? नेमकं तेव्हाच. दिवाळीनंतर काम सुरू, फेब्रुवारीत स्लॅब, मार्चमध्ये पैसे संपले, एप्रिलमध्ये मेव्हण्याकडून आले आणि अक्षय तृतीयेला वास्तुशांत धरलेली. म्हणजे भिंतीला सगळ्यात जास्त पाणी हवं तेव्हा गावात सगळ्यात कमी पाणी. प्यायच्या पाण्याचा टँकर भिंतीवर उपडा करायला घरातल्या बाईचा जीव होत नाही, आणि तिचं चुकत नाही. हंडा आधी की भिंत आधी, यावर नियमावलीत कलम नाही.

तर सांगायचं ते एवढंच: आमच्या भिंती पावसाळ्यात ओल्या होतात, कारण उन्हाळ्यात त्यांना कुणी ओलं केलं नाही.

यावर उपाय काही अंतराळशास्त्राचा नाही. बाहेरचं प्लास्टर मेमध्ये न करता डिसेंबर-जानेवारीत उरकावं. भिंतीवर ओली गोणपाटं टांगावीत, म्हणजे नळीनं उडवलेलं पाणी पाच मिनिटांत उडून जात नाही, थोडक्यात भागतं. ऊन ज्या भिंतीवर असेल ती सोडून सावलीतली धरावी. कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरखाली चिकन मेशची पट्टी घालावी. दोघांचं प्रसरण वेगळं, त्यामुळे पहिली उभी चीर तिथेच पडते, शासकीय शिरस्त्यासारखी न चुकता. आणि प्लास्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरून थापीनं आरशासारखं घोटणाऱ्या मिस्तरीला ‘काय हात आहे!’ असं म्हणू नये. तो गुळगुळीतपणा म्हणजे पुढच्या चिरांची बयाणा रक्कम.

जुन्या धाब्याच्या घरांबद्दल बोलताना लोक हळवे होतात. होऊ नये. तीही गळत, आणि आजी रात्री उठून पातेली मांडत असे. पण त्या घराच्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: दर वर्षी मृगाआधी वर चढायचं, माती टाकायची, चोपायची, पन्हळ तपासायची. आणि ती पन्हळ चांगली हातभर पुढे काढलेली, म्हणजे पाणी भिंतीला न शिवता रस्त्यात. रस्त्यातून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडलं तर तो त्याचा प्रश्न.

आता पन्हळीच्या जागी पाइप आला, तोही भिंतीच्या आत लपवलेला, कारण बाहेरून ‘एलेव्हेशन’ बिघडतं. एलेव्हेशननं गेल्या काही वर्षांत आणखी एक बळी घेतला, तो छज्ज्याचा. यूडीसीपीआर मोकळ्या सोडायच्या जागेवरही पाऊण मीटरपर्यंत छज्जा काढू देते. म्हणजे अडीच फूट सावली आणि आडोसा फुकट. पण आमच्या लोकांना फुकट मिळालेलं बाहेर ठेवणं जमत नाही. एक तर तो भिंत बांधून खोलीत घ्यायचा, नाहीतर ‘बॉक्स टाइप’ दिसावं म्हणून काढायचाच नाही. ज्यांनी काढलाय, त्यांनी एकदा खिडकीतून वाकून त्याचा तळ बघावा. कडेपासून दोन बोटं आत, लांबीभर, एक खाच हवी, बोटाच्या नखाएवढी खोल. प्लास्टर ओलं असताना पट्टी किंवा सळी दाबून काढायची, दहा मिनिटांचं काम. छज्ज्याच्या कडेवरून ओघळणारं पाणी तळाला चिकटून भिंतीकडे परत येतं. खाच आली की ते तिथे तुटून खाली पडतं. खाच नसलेला छज्जा लगेच ओळखू येतो. तळाला काळे ओघळ, आणि ते थेट खिडकीच्या चौकटीत उतरलेले.

हे ज्ञान नवं नाही आणि लांबचंही नाही. निजामाच्या हद्दीतली रेल्वे मनमाडला येऊन मिळण्याआधी वेरूळ बघायला येणारे साहेब नांदगाव स्टेशनवरच उतरत आणि पुढे टांग्यानं जात. आठव्या शतकातलं कैलास मंदिर अखंड कातळातून खोदलेलं. त्यात वीट एकही नाही. तरी खोदणाऱ्यांनी भिंतीबाहेर झुकणारी कपोताची गोल कड सोडली. बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला ती हवीशी वाटली. आमच्या एलेव्हेशनवाल्याला ती जुनाट वाटते.

यात आपण एकटे नाही, एवढंच समाधान. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात भूमध्य सागराकाठच्या घरांची फॅशन आली: वळचण नाही, भिंती सपाट, वर गुळगुळीत लेप. भूमध्य सागराकाठी पाऊस बेताचा. न्यूझीलंडमध्ये धो धो. पाणी भिंतीत शिरलं, आतलं लाकूड कुजलं आणि हजारो घरं आतून सडली. २००९ साली सरकारनं करून घेतलेल्या अंदाजात दुरुस्तीचा आकडा निघाला ११.३ अब्ज डॉलर, त्यांचे. त्यांच्या संहितेत बाहेरच्या ओलीसाठी ‘ई २’ नावाचं स्वतंत्र कलम तेव्हाही होतं. कलमं असण्यात तेही आपल्याइतकेच श्रीमंत.

राहिला जोता. संहिता म्हणते, जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच हवा. लोक बिचारे दीड फूट मोजून बांधतात. मग रस्त्याचं काँक्रीटीकरण होतं. जुना रस्ता उकरायचा तर अंदाजपत्रक वाढतं, म्हणून त्याच्यावरच नवा. पाच वर्षांनी आणखी एक. तिसऱ्या काँक्रीटीकरणाला घर आपोआप तळघर होतं. जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर रस्ता पोचतो आणि पाणी खालून चढायचं सोडून सरळ बाजूनं आत येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी या नद्या गावात शिरल्या, तेव्हा कुणाचा जोता किती उरलाय ते एका रात्रीत मोजून झालं.

दाद मागायची कुठे? रेरा कायदा पाच वर्षांपर्यंतचे बांधकामातले दोष बिल्डरकडून फुकट, तेही तीस दिवसांत दुरुस्त करून देतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणीच लागत नाही, आणि नांदगावात आठच्या वर मजल मारणारे बिल्डर शोधावे लागतील. बंगलेवाल्याला तर बिल्डरच नसतो. मालक तोच, साइट सुपरवायझर तोच, फिर्यादी तोच. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला आता नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. सोय उत्तम आहे. फक्त भिंतीकडे बघणारा जो एक माणूस कागदावर होता, तोही गेला.

म्हणून माझी एक नम्र सूचना. भोगवटा प्रमाणपत्राची तपासणी फक्त पावसाळ्यात, झड लागली असताना, पश्चिमेच्या खोलीत बसून व्हावी. साहेबांना चहा तिथेच द्यावा, पाठ भिंतीला टेकवून. पावसानं दडी मारली, जे आमच्याकडे हमखास होतं, तर नळीनं बाहेरून तासभर पाण्याचा मारा करावा. जगभर भिंती अशाच तपासतात. एका मित्राला ही योजना फार आवडली. त्यानं एवढंच विचारलं, की या तपासणीचा टँकर पाणीपुरवठा खात्यात दाखवायचा की बांधकाम खात्यात? फाइल सध्या तिथे अडलीये.