स्टेटला खेळलेला माणूस

प्रत्येक सोसायटीत असा एक जण असतोच. तुमच्याकडे नसेल, तर शेजारच्या विंगमध्ये चौकशी करा. वय पंचेचाळिशीपुढचं, पोटाची शर्टाच्या खालच्या बटणांशी कायमची हुज्जत, आणि विषय पाणीकपातीचा असो वा पितृपक्षाचा, तिसऱ्या वाक्याला गाडी ‘आम्ही शाळेत असताना’वर येणार. कुणी कबड्डीवाला असतो, कुणी लांब उडीवाला, कुणी ‘अ‍ॅथलेटिक्स’ असं मोघम सांगून सुटतो. आमच्या वाट्याला आलेत ते खो-खोचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. १९९३ साली, नववीत असताना, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेकडून ते राज्य पातळीवर खेळले. अण्णांच्या भाषेत, ‘स्टेटला’. ही माहिती मी त्यांना कधीही विचारलेली नाही. लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर येईपर्यंत ते उपांत्य फेरीत पोचतात. अंतिम सामना ऐकायचा तर सातव्या मजल्यावर राहायला हवं.

अण्णांचं वजन अठ्ठ्याण्णव किलो आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याचं त्यानं वाहायचं असतं. पण ‘अण्णा, जरा सुटलात हं’ असं कुणी म्हणालं की त्यांना राग येत नाही, समोरच्याची कीव येते. पोटावर दोन बोटांनी टिचकी मारून ते सांगतात, ‘चरबी नाही ही. मसल आहे. फक्त सैल पडलंय. मुळात आपली बॉडी स्पोर्ट्समनची.’

हे वाक्य मी जिन्यात ऐकलंय, मतदानाच्या रांगेत ऐकलंय, एका सत्यनारायणाला तीर्थप्रसाद घेताना ऐकलंय. शिंपी म्हणाला, कंबर दोन इंच वाढवू का? अण्णा म्हणाले, ‘वाढवू नका, मसल आहे, परत आत जाईल.’ ती पँट आता त्यांचा मुलगा घालतो. सोसायटीत आरोग्य शिबिर झालं तेव्हा टेप लावणाऱ्या मुलीनं सांगितलं, आपल्याकडच्या पुरुषांचा कमरेचा घेर नव्वद सेंटीमीटरच्या आत असावा, तुमचा एकशे आठ भरतोय. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘खो-खोचा खुंट एकशे वीस सेंटीमीटरचा असतो. अजून बारा आहेत की आपल्या हातात.’ ‘काका, ती खुंटाची उंची झाली,’ मुलगी म्हणाली. मुलगी नेमकी खो-खो खेळलेली निघाली. मग सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ आलं, तर गृहस्थ त्यावरही खूश. शाळेत पहिली श्रेणी त्यांना फक्त शारीरिक शिक्षणात मिळायची.

मी एकदा धीर करून सांगितलं, की अण्णा, मसलची चरबी होत नसते. दोन्हींच्या पेशी वेगळ्या. व्यायाम थांबला की मसल रोडावतं, खाणं थांबलं नाही की चरबी चढते, आणि दोन्ही एकदमच घडतं म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर झाल्यासारखं वाटतं. अण्णा म्हणाले, ‘ते तुमच्यासारख्यांचं.’ मग वयाचा मुद्दा आला. चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच बसतं म्हणे, माणूस काय करणार? मी त्यांना २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाबद्दल सांगितलं. २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवरून त्यात असं दिसलं, की शरीराचं आकारमान जमेला धरलं तर विशीपासून साठीपर्यंत माणसाचा ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे दोष वयाचा कमी आणि ताटाचा जास्त. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्यात स्टेटला खेळलेले किती होते?’

अण्णा एका पतसंस्थेत अकाउंट्स बघतात, त्यामुळे हिशेबाला पक्के. प्रौढ माणसानं आठवड्याला निदान दीडशे मिनिटं घाम येईलसं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अण्णांनी कागद घेतला. शाळेत रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे, पाच वर्षं. झाली एक लाख चव्वेचाळीस हजार मिनिटं. भागिले दीडशे, म्हणजे नऊशे साठ आठवडे. ‘अठरा वर्षांचा व्यायाम आगाऊ भरलाय आपण!’ मी म्हटलं, अण्णा, मग ती शिल्लक २०१२ लाच संपली. ते हसले. ‘व्याज धरलं नाही तुम्ही.’

जिमची वार्षिक फी ते दर १ जानेवारीला भरतात आणि संक्रांतीपर्यंत जातात. संक्रांतीला तिथल्या पोरांना तिळगूळ देऊन येतात, तो निरोपसमारंभ. ट्रेडमिलवर त्यांचा खास राग आहे. ‘एका जागी पळायचं? पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. बाद कुणाला करायचं?’ त्या वेळी मी हे हसण्यावारी नेलं.

आहाराच्या बाबतीत मात्र अण्णा सर्वपक्षीय. मध्यंतरी महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर अशी घरोघर फाळणी झाली होती, तेव्हा अण्णा दोन्हीकडे होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणं आणि जेवणामागे पंचावन्न मिनिटं त्यांना पटली. ऋजुता दिवेकरांचं साजूक तूप तर त्याहून पटलं. नऊ मिनिटांच्या डावाची सवय असलेल्या माणसाला कुणी सलग पंचावन्न मिनिटं दिली, तर तो काय करील? श्रावणातल्या एका जेवणाचं मी मनातल्या मनात पेपरात छापून येतं तसं वृत्तच लिहिलं होतं : अण्णांनी पहिल्या सत्रात सहा पुरणपोळ्या टिपल्या, मध्यंतरानंतर कटाच्या आमटीवर जोरदार आक्रमण केलं आणि एक डाव राखून विजय मिळवला. घरच्या संघाकडून वहिनींनी एकाकी झुंज दिली.

पण अण्णा बघावेत ते रविवारी, सिंहगडावर. आतकरवाडीतून चढायला लागलं की पहिली दहा मिनिटं ते खरोखरच पुढे असतात. मग थांबतात. दमले म्हणून नव्हे, ‘तुम्हाला सोबत हवी’ म्हणून. पुढे प्रत्येक टपरीवर ही सोबत लांबत जाते. एके ठिकाणी लिंबू सरबत, कारण अंगातलं मीठ गेलं. पुढच्या ठिकाणी ताक, कारण सरबतात साखर होती. वर पोचल्यावर चटईवर मांडी ठोकून कांदाभज्यांची पहिली प्लेट येते. अण्णा एक भजं उचलतात, उजेडाकडे धरतात, नखानं वरचं कुरकुरीत बेसन सोडवतात आणि आतली कांद्याची पाकळी वेगळी काढून दाखवतात. ‘हे बेसन. म्हणजे डाळ. म्हणजे प्रोटीन. आणि हे सॅलड.’ उरलेली भजी वर्तमानपत्राच्या कागदावर एकेक करून दाबतात, उलटवतात, पुन्हा दाबतात. कागद पारदर्शक होऊन पलीकडची राशिभविष्याची बाजू दिसू लागली की समाधानानं म्हणतात, ‘निघालं तेल.’ तेल निघाल्याचा फायदा वाया जाऊ नये म्हणून दुसरी प्लेट. मग पिठलं-भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. चढताना जाळलेलं सगळं चटईवर परत वसूल, आणि उतरायला शेअर जीप. उतार गुडघ्याला वाईट असतो. मसलचं ठीक आहे, ते सैल पडतं. गुडघा मात्र पडत नाही, दुखतो.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. अण्णांनी अख्ख्या मजल्याला टीव्हीपुढे बसवलं. कर्णधार दोन्ही मराठी, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. समोर दोन्हीकडे नेपाळ. सुरुवातीला अण्णांची कुरकुर चालू होती. मॅट कसली, मातीत ढोपरं फुटल्याशिवाय खो-खो होतो का? बूट घालून? आणि नवाऐवजी सातच जण? मग ते बोलायचे थांबले. अण्णा गप्प बसले म्हणून मी वळून पाहिलं, तर ते सोफ्यावर नव्हते. खाली फरशीवर, पाटीत बसावं तसे बसले होते. चवडे रोवलेले, टाचा उचललेल्या, तळहात पुढे टेकलेले, मान खुंटाच्या दिशेनं, म्हणजे आमच्या बाबतीत फ्रिजच्या दिशेनं, वळलेली. मांड्या थरथरत होत्या, पण पाठ सरळ होती.

त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती आणि शाळेच्या संघात खेळायची. ती मागून दबकत आली, बापाच्या पाठीवर थाप मारून ओरडली, ‘खो!’ आणि अठ्ठ्याण्णव किलो उठले! कसे उठले ते मला अजून सांगता येत नाही. दोन पावलांत टीपॉय ओलांडला, तिसऱ्याला उजवीकडे झुकले, चौथ्याला वहिनींची मनीप्लँटची कुंडी बाद. पोह्यांची बशी गेली ती वेगळीच. ‘फाऊल,’ मुलगी म्हणाली, ‘खांदा वळला, बाबा.’ पंचाशी वाद घालण्याबद्दल आयुष्यभर प्रसिद्ध असलेले अण्णा धापा टाकत, जमिनीवर बसल्या बसल्या हात वर करून म्हणाले, ‘वळला. वळला खरा.’ भारतानं दोन्ही सामने जिंकले, मुलींनी ७८–४०, मुलांनी ५४–३६. पण त्या दिवशी घरी जाताना लोक बोलत होते ते कुंडीबद्दल.

इतकी वर्षं माझी पक्की समजूत होती की अण्णा थापा मारतात. राखीव खेळाडू असणार, पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या असणार. मग एका लग्नात त्यांचा शाळेतला जोडीदार भेटला. भाषा एका क्षणात सांगलीची झाली, लेका-बिका सुरू झालं, आणि अण्णा वाढून घ्यायला गेले तेव्हा त्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. ‘ह्यो पळायला लागला की आमी निवांत. दोन-सव्वादोन मिनिटं कुणाचा हात लागायचा न्हाई. सर बाकीच्यास्नी म्हनायचे, त्याच्या तोंडाकडं बघू नका, पायाकडं बघा.’ मग म्हणाले, ‘दहावीला वडलांनी बंद केलं त्याचं. निवड चाचणी होती, आलाच न्हाई. सर सायकलवरनं घरी गेलेले. वडील म्हनले, एवढं वर्स जाऊंदे सर, मग खेळू दे की जन्मभर.’

अण्णा दोन जिलब्या आणि मसालेभात घेऊन आले. आपल्याबद्दल काय बोलणं झालं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मी ताटाकडे बघितलं, तरीही मसलचा विषय त्यांनी काढला नाही.

मला हे लिहायला जड जातंय, पण त्या दिवसापासून लिफ्टमध्ये मी त्यांना पुरता चौथा मजला देतो, कधी कधी दार उघडल्यावरही बटण दाबून धरतो. खेळणाऱ्या पोराचं सगळं एका मार्चमध्ये जातं हो. मैदान सुटतं, शिट्टी वाजवणारे सर सुटतात, पाटीत बसणारे बाकीचे आठ जण आठ गावांना पांगतात. चार चपात्यांची भूक तेवढी इमानानं मागे येते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की खेळ संपला. पुढे तीस वर्षांनी कुणीतरी त्याला एकट्याला ट्रेडमिलवर उभं करतं, कानात गाणी घालतं आणि म्हणतं, इच्छाशक्ती हवी. ज्याला पाठीवर थाप पडली की उठायची सवय, तो पट्ट्यावर किती वेळ टिकणार?

तर हे सगळं मनाशी जुळवून मी अण्णांबद्दल बराच हळवा झालो होतो. जूनमध्ये ते पार्किंगमध्ये भेटले. मुलगी स्कूटरवर मागे बसली होती, पाठीवर क्लासची कोरी करकरीत बॅग. संध्याकाळी पाच ते आठ, सोमवार ते शनिवार. मैदानाचीही वेळ तीच.

‘सरावाचं काय मग?’ मी विचारलं.

‘बंद केला. दहावीचं वर्ष आहे.’

‘अहो अण्णा, तुम्ही? तुम्ही बंद केलात?’

‘एवढं वर्ष जाऊ दे हो. मग खेळेल की जन्मभर!’ अण्णांनी स्कूटरला किक मारली. ‘बॉडी कुठं पळून जाते? मुळात आमच्या घराण्याचीच बॉडी स्पोर्ट्समनची...’

‘माहितीये बाबा,’ मागून मुलगी म्हणाली, ‘फक्त सैल पडेल. चला, उशीर होतोय.’