आइसलँडच्या फिरतीचा तक्ता

परदेशी जाऊन रौद्र निसर्गाचे दर्शन घ्यावे, ही इच्छा मध्यमवर्गीय माणसाच्या ठायी निसर्गप्रेमातून उत्पन्न होते असा एक समज आहे. परंतु माझ्या अवलोकनाप्रमाणे ती बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीवरील छायाचित्रातून उत्पन्न होते. आमच्या शेजारच्या अप्पांनी गतवर्षी स्वित्झर्लंड पादाक्रांत केले आणि त्या दिग्विजयाची निशाणी म्हणून, मागे युंगफ्राऊचे हिमशिखर आणि पुढे गळपट्टा व काळा चष्मा यांनी मंडित झालेले अप्पा, अशी एक भव्य तसबीर दिवाणखान्यात, येणाऱ्याची नजर चुकणारच नाही अशा जागी, टांगली. तेव्हापासून आमच्या घरात स्वित्झर्लंडचे नाव वर्ज्य झाले. तसेही हिंदी चित्रपटांनी त्या देशातील प्रत्येक कुरणाचा फेरफार एकेका गाण्याच्या नावे केव्हाच करून टाकला असल्यामुळे तेथे आमच्यासाठी काही शिल्लक असेल असे वाटत नव्हते. जो देश अप्पांना नकाशात शोधावा लागेल असाच देश पाहिजे, अशी अट आमच्या कुटुंबाने घातली, आणि युरोपच्या वायव्येस, उत्तर ध्रुववृत्ताच्या खालोखाल पहुडलेल्या आइसलँड या बेटावर एकमत झाले.

योजनेचा बंदोबस्त माझ्या धाकट्या मेहुण्यांकडे सोपविण्यात आला. हे गृहस्थ तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, भूतलावरील कोणतीही वस्तू तक्त्यात बसविल्याखेरीज ती अस्तित्वात आहे असे मानावयास ते तयार नसतात. त्यांनी प्रथम देशाची एकंदर माहिती मागविली. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकतृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे कोल्हापूर शहराहूनही कमी. जमिनीचा दहावा हिस्सा हिमनद्यांखाली, उरलेल्यात लाव्ह्याची पठारे, काळ्या वाळूची मैदाने आणि जागे-निद्रिस्त ज्वालामुखी. हे सर्व त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकले आणि उद्गारले, "म्हणजे दाजी, बहुतेक सगळा पोटखराबाच की!" ज्या भूमीवर चांद्रवीरांना चंद्रावर जाण्यापूर्वी १९६५ व १९६७ साली भूशास्त्राचे धडे गिरविण्यासाठी नेले होते, तिचे याहून नेमके वर्णन महसूल खात्याच्या भाषेत होणे शक्य नव्हते.

पहिली अडचण पंचांगाची आली. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मे महिना, हे आपल्याकडील शाळा, आंबे आणि रेल्वेची तिकिटे यांनी मिळून ठरविलेले सत्य आहे. परंतु आइसलँडच्या अंतर्भागातील डोंगरी रस्त्यांस ते मान्य नाही. ते मे महिन्यात बर्फाखाली असतात, आणि बर्फ वितळेल तसतसे, साधारणतः जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, सरकार ते एकेक करून खुले करते. तेव्हा जुलै मुकर्रर झाला. जुलैत रेक्याविक या राजधानीत दुपारचा पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत चढतो आणि त्यास तेथील लोक उन्हाळा म्हणतात, हे कळल्यावर आमच्या कुटुंबाने लोकरीच्या कपड्यांची पेटी माळ्यावरून खाली काढविली. आमच्याकडील मुसळधार पाऊस टाकून तिकडील झिमझिम पावसात भिजावयास लाखो रुपये का खर्चावेत, हा प्रश्न मी विचारला. तो कार्यवृत्तात नोंदला गेला नाही.

पुढील रविवारी मेहुण्यांनी फिरतीचा तक्ता सादर केला. लांबलचक कागदावर लाल व निळ्या शाईने आखलेल्या सहा रकान्यांत अनुक्रमांक, ठिकाण, अंतर, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि शेरा अशी मांडणी होती, आणि त्यातील शेऱ्याचा रकाना मी आजही वाङ्मयाचा उत्कृष्ट नमुना समजतो. सेल्यालांड्सफॉस या सुमारे साठ मीटर उंचीच्या धबधब्यापुढे लिहिले होते : 'पाठीमागून जाऊन पाहता येतो. अंगावर पाणी. चष्मा खिशात ठेवणे.' त्याच्या खालोखाल स्कोगाफॉस : 'उंची वरीलप्रमाणे. वेळ अपुरा पडल्यास एकच पाहावा.' स्ट्रोक्कुर हा उष्णोदकाचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी आकाशात उसळतो. त्यापुढे : 'दोन उसळ्या पाहणे. तिसरी ऐच्छिक.' रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, समुद्र शांत दिसत असतानाच एखादी लाट अकस्मात दूरवर धाव घेऊन माणसास ओढून नेते आणि तिने बळी घेतलेले आहेत. म्हणून तेथे : 'समुद्राकडे पाठ करू नये. छायाचित्र काढणाराने समुद्राकडे तोंड करावे, काढवून घेणाराने काढवून घेऊ नये.'

थिंगवेट्लिरपाशी मात्र त्यांची लेखणी अडखळली होती. या दरीत आइसलँडच्या लोकांची लोकसभा इसवी सन ९३० मध्ये प्रथम भरली आणि याच ठिकाणी १७ जून १९४४ रोजी देशाचे प्रजासत्ताक जाहीर झाले, हा इतिहास त्यांनी एका ओळीत उरकला. परंतु उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांची सीमा या भागातून जाते आणि ते पट्ट दरसाल सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात, या वार्तेने त्यांची झोप उडाली. "दाजी, हद्द दरसाल सरकते, तर मोजणी कोण करतो? आणि मधे जी नवी जमीन पडते ती कोणाच्या खात्याला लागते?" जन्मभर बांधाचे तंटे मिटविलेल्या त्या माणसास या दरीचे भव्यत्व जितके उमगले तितके निसर्गकवींनाही उमगणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्या ठिकाणी तक्त्यात पंचवीस मिनिटांऐवजी दीड तास राखून ठेवण्यात आला.

परंतु खरा अनर्थ पुढेच होता. जूनच्या अखेरीस रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास क्षितिजाखाली जातो आणि तीनच्या आसपास पुन्हा हजर होतो. मधल्या वेळातही अंधार असा पडत नाही. जुलैतही रात्री उजळच असतात. मेहुण्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, जेथे दिवस मावळत नाही तेथे मुक्कामाचे भाडे भरणे हा निव्वळ अपव्यय होय. आणि त्यांनी देशाला वळसा घालणाऱ्या, १९७४ साली पूर्ण झालेल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या वर्तुळमार्गावर रात्री साडेअकरा, पाऊण आणि सव्वादोन अशा वेळांना धबधबे पेरून ठेवले. पक्क्या रस्त्यावरही वेगमर्यादा ताशी नव्वद, कित्येक पूल एकेरी आणि मेंढ्यांना वाटेल तेथे रस्ता ओलांडण्याची मुभा, हे मी निदर्शनास आणले. तेव्हा 'मेंढ्या' असे शेऱ्यात लिहून विषय संपविण्यात आला.

प्रवेशपरवान्याच्या अर्जाने घराची दप्तरखोली करून टाकली. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे छायाचित्र, आणि सर्वांत नाजूक म्हणजे आपण परत येणारच याचा पुरावा. मी या वयात, तेरा-चौदा अंशांस उन्हाळा म्हणणाऱ्या देशात, भाजणीच्या थालीपीठावाचून कायमचा राहीन अशी शंका त्या सरकारला का यावी हे मला कळेना. परंतु मेहुण्यांना असा आनंद निवृत्तीनंतर प्रथमच लाभला. त्यांनी गावच्या जिरायतीचा सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल जोडली, आणि रहिवासाच्या पुष्ट्यर्थ तलाठ्याचा दाखलाही हवा असा हट्ट धरला.

मोटार भाड्याने घेण्याचा करारनामा हा मात्र मला स्वतंत्र साहित्यप्रकार वाटला. खडीचा विमा वेगळा, वाळू आणि राख यांचा वेगळा. आणि दार उघडताच वाऱ्याने ते उलटे वाकवून नेले, तर त्या नुकसानीची भरपाई बहुधा कोणताच विमा करीत नाही, म्हणून दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे असा सल्ला. डोंगरी रस्ते चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनांसाठीच खुले आहेत, आणि त्यांवरील कित्येक नद्यांना पूल नाहीत. नदी गाडीने ओलांडावयाची, व इंजिनात पाणी शिरल्यास खर्च आपला. "आपला ओढा नाही का आपण जीपने ओलांडत होतो?" मेहुणे म्हणाले. आमच्या कुटुंबाने त्यांस आठवण करून दिली की, तो ओढा कोरडा असे.

ऊन पाण्याच्या तरणतलावांचे प्रकरण मी संकोचानेच लिहितो. तेथे पाण्यात उतरण्यापूर्वी पोशाखही उतरवून, साबण लावून, इतरांच्या समक्ष स्नान करणे सक्तीचे असते, आणि शरीराचा कोणता भाग विशेष दक्षतेने धुवावा हे लाल रंगाने दर्शविणारे चित्र भिंतीवर लावलेले असते. बैठकीत बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही. अखेरीस "ऊन पाण्याचीच हौस असेल तर वज्रेश्वरी काय वाईट आहे?" असे कुटुंब म्हणाले, आणि शेऱ्यात 'प्रकरण प्रलंबित' अशी नोंद झाली.

हे सगळे चालू असता, भूशास्त्र शिकणारी मेहुण्यांची कन्या एकदाच बोलली. स्वार्तिफॉस या धबधब्याच्या कड्यावरील काळ्या षट्कोनी खांबांचे चित्र पाहून मी मुग्ध झालो होतो. "आतोबा," ती म्हणाली, "हा बसाल्ट आहे. लाव्हा सावकाश निवताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे खांब होतात. आपला सह्याद्री याच खडकाचा. खांबच पाहायचे तर अंधेरीला गिल्बर्ट हिलला आहेत, साडेसहा कोटी वर्षांचे." मेहुण्यांनी तात्काळ लोकलचे भाडे विचारले. क्षणभर सर्व मनसुबा डळमळला, परंतु "अंधेरीची तसबीर अप्पांच्या तसबिरीसमोर लावायची का?" या कुटुंबाच्या एका प्रश्नासरशी भूशास्त्र निरुत्तर झाले.

अखेर वर्तुळमार्गाला काट मारण्यात आली आणि केवळ दक्षिण किनारा, थिंगवेट्लिर व योकुल्सारलोन हे हिमखंडांचे सरोवर एवढेच मंजूर झाले. एका धबधब्यापुढे मनसोक्त उभे राहिले तर दुसऱ्याची तारीख चुकते, आणि दोन्ही तारखा सांभाळल्या तर एकही दिसत नाही, हे मत मी मांडले, व त्यावर मेहुण्यांनी चक्क 'पाहून घेणे' असा शेरा मारला. त्यांच्या कचेरीत या शेऱ्याचा अर्थ मान्यता असा होत असे. दुधाचे पदार्थ सीमेवर अडवितात म्हणून पेढे वगळले, चकल्या राहिल्या. परवान्याच्या मुलाखतीची तारीख अद्याप मिळावयाची आहे. दरम्यान ज्या वाचकांपाशी जाड कानटोप्या आणि पायांपर्यंत पोहोचणारे रेनकोट असतील त्यांनी ते आम्हांस जुलैपुरते उसने द्यावेत. छत्र्या मात्र पाठवू नयेत. तिकडच्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.