ओल्या ग्रॅमचा हिशेब

२५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी घाटात चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो आणि तेवढ्यावर पुणेकर चार महिने "काय हा पाऊस!" म्हणत गॅलरीत उभे असतात. ताम्हिणीने त्यातला बराचसा ऐवज एका दिवसात उरकला. तर अशा या मुळशी तालुक्यात ऐन आषाढात सायकलवर सामान बांधून जायचं ठरल्यावर माझ्या मेहुण्याने झोपायला जी स्लीपिंग बॅग निवडली, ती बदकाच्या पिसांची होती.

"४८० ग्रॅम, दाजी!" तो म्हणाला. "आणि बदक पाण्यातच तर राहतं."

"ते जिवंत असतं म्हणून राहतं. शेपटाजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने रोज पिसांना चोपडतं. तुझी पिसं धुऊन-वाळवून पिशवीत कोंबलेली. ऊब पिसांची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजली की गोळा होतात आणि हवा आपल्या वाटेने निघून जाते."

"ड्राय बॅगेत ठेवणार आहे ना!"

"आणि झोपणारही ड्राय बॅगेतच का?"

मेहुणा आयटीत आहे. वय लग्नाचं आहे, स्थळं बघणं चालू आहे, पण त्याचा जीव सध्या ग्रॅममध्ये अडकलाय. सासूबाईंच्या ओट्यावरचा इलेक्ट्रॉनिक काटा त्याने महिनाभर ताब्यात घेतला होता. टूथब्रशचा दांडा कापला, टी-शर्टांची लेबलं कापली, चार्जरची वायर आखूड केली. रात्री साडेअकराला मला फोन. "दाजी, तुमच्या पाकिटात दहाची नाणी किती? एक नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतं. घरी ठेवा, सगळीकडे जीपे चालतं." मौज म्हणजे नाण्यांवर एवढा डोळा ठेवणारा हा गृहस्थ स्वतः शहाऐंशी किलोचा आहे. सासूबाई एकदा कणीक मळता मळता म्हणाल्या, "टूथब्रश राहू दे रे, रात्रीची शेवटची पोळी सोड." त्यांना हा विषय आमच्यापेक्षा लवकर समजला होता. पण त्याच माउलीने निघायच्या दिवशी पहाटे डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे केला. मेहुण्याने डबा काट्यावर ठेवायला हात उचलला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाहीत, जावईबापूंसाठी आहेत." जावयाच्या लाडवाचं वजन करण्याची हिंमत अजून कोणत्या मराठी घरात झालेली नाही. पानिपताला फौजेमागून एवढे बुणगे का गेले असतील, याचा थोडा उलगडा मला त्या डब्यापाशी झाला.

सामान कुठे बांधायचं हे मात्र त्याचं चोख होतं. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पंप, पाणी, चौकटीच्या त्रिकोणात, जमिनीच्या जितक्या जवळ तितक्या. हलकं पण फुगणारं अंथरूण हँडलला गुंडाळून. कपडे सीटमागच्या लांबट पिशवीत, दाबून-ठासून, कारण ती सैल राहिली की चढावर सायकल एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे डुलते. त्याच्या पिशव्या परदेशी होत्या. माझे पट्टे बोहरी आळीतले, आणि औषधं-कागदपत्रं आईने धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांत. अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी जेमतेम तीन-चार ग्रॅम भरते, तोंडाला पीळ देऊन रबर लावलं की पाणी शिरत नाही, आणि रद्दीवाल्याला द्यायच्या आधी तिचा आणखी एक जन्म होतो. मेहुण्याने तुच्छतेने पाहिलं, पण वजन मनात टिपून घेतलेलं मला दिसलं.

जमिनीवर अंथरायला त्याला काही स्वस्त सापडेना, म्हणून त्याने चौकातल्या उतरवलेल्या फ्लेक्सचा तुकडा आणला. फ्लेक्स चौरस मीटरला तीनेकशे ग्रॅम तरी भरतो, म्हणजे त्याच्या हिशेबात गुन्हाच. पण पाणी आत येत नाही आणि काट्यालाही दाद देत नाही. तुकड्यावर नेमका एका भावी नगरसेवकाचा चेहरा आला होता, खाली "आपला हक्काचा माणूस". रात्री पाठीखाली हक्काचं कुणीतरी असलेलं बरं, म्हणून मी विरोध केला नाही.

चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. इथवर वर्णन करण्याजोगं काही नाही. ट्रकच्या मागून ट्रक, आणि ट्रकच्या चाकाचं पाणी तोंडावर. पिरंगुटची चढण संपेपर्यंत मेहुण्याने साडेनऊ हजारांच्या जॅकेटची थोरवी सांगितली. कापड श्वास घेतं म्हणे. पौडला पोचलो तेव्हा त्याने चेन उघडली आणि आतून पाण्याची धार निघाली. पाऊस आत शिरला नव्हता. ते सगळं त्याचं स्वतःचं होतं. या जॅकेटातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतली हवा जास्त दमट आणि बाहेरची कोरडी असेल तर. आषाढात मुळशीची हवाच पाण्याने गच्च असते, मग वाफेने जायचं कुठे? ती बिचारी आतच मुक्काम करते. असली जॅकेटं ज्या देशांसाठी शिवली जातात तिथे पाऊस पडून थांबतो. इथे तो राहायला येतो.

माले गावाच्या पुढे भातखाचरांत लावणी चालली होती. बायका ओळीने वाकलेल्या, हातात आवणाच्या मुठी, आणि दोघी-तिघींच्या पाठीवर इरली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पूर्वी नुसती पानं असायची, आता पानांना प्लास्टिकची जोड असते. डोक्यावर टेकवलं की कमरेखालपर्यंत पाठ झाकते. वाकलं की छप्पर होतं, उभं राहिलं की मागे लोंबतं, दोन्ही हात मोकळे, आणि पुढून सताड उघडं असल्यामुळे घामाला जायला रस्ता. ज्या गोष्टीसाठी मेहुण्याने साडेनऊ हजार मोजले, ती या बाईच्या पाठीवर चिखलात काम करत होती. त्याने सायकल थांबवली, जॅकेट पिळलं आणि बराच वेळ त्या इरल्याकडे बघत राहिला.

"केवढं असेल हो वजन?" त्याने मला विचारलं.

त्यांच्यातल्या एकीने मान वर केली. "एवढ्या पावसात कुठं निघालाव?"

"कोकणात, ताम्हिणीतून."

"मग येष्टी हाय की."

यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

हलक्या सामानाच्या पंथात एमा गेटवूड या अमेरिकन आजींना देवीसारखं मानतात. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या अ‍ॅपलेशियन ट्रेल हा तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगररस्ता एकट्याने चालल्या. अकरा मुलांची आई. खांद्यावर स्वतः शिवलेलं बोचकं, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. मेहुण्याला ही गोष्ट तोंडपाठ होती आणि पिरंगुटच्या अलीकडे त्याने ती दोनदा सांगितली होती. न्हाणीघराचा पडदा का चालला आणि त्याचं जॅकेट का बुडालं, याची संगती मात्र त्याला इरलं पाहिल्यावर लागली. उघडं राहिलेलं वाळतं. वाफेला कोंडलं की मग कापडाची किंमत किती का असेना. मुळशीत सामानाची दोन वजनं असतात: घरातलं कोरडं आणि घाटातलं ओलं. काट्यावर फक्त पहिलं दिसतं. सुती टॉवेल घरी हलका वाटतो, दुसऱ्या दिवशी तो ओल्या गोधडीइतका होऊन हँडलला लटकतो. त्यामुळे निवडताना ग्रॅम बघण्याआधी पिळून बघावं. पिळून झटकल्यावर अर्ध्या तासात जे अंगाला चिकटत नाही, ते घ्यावं.

मुळशी धरणाच्या पाण्याकाठी टपरीवर चहा घेतला. मेहुण्याने पासष्ट ग्रॅमचा पाणी गाळायचा फिल्टर काढला आणि पाणी कुठून घेऊ म्हणून विचारू लागला. टपरीवाले काका म्हणाले, "पाणी लई हाय, पर त्ये आमचं न्हाय." टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तरी पन्नासेक गावं बुडाली ती बुडालीच. हे पाणी खाली कोकणात भिऱ्याला वीज करायला जातं. बिऱ्हाड किती हलकं बांधावं हे तेव्हा ज्यांना ठरवावं लागलं, त्यांच्याकडे काटा नव्हता. काकांनी आमच्या बाटल्या हंड्यातून भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. फिल्टर पुन्हा पिशवीत गेला.

तिथून निघताना मेहुण्याच्या मागच्या पिशवीचा पट्टा उसवला. गावात एका घराच्या ओसरीत शिंपीकाका मशीनवर बसले होते. त्यांनी पिशवी उलटी केली, चष्मा कपाळावर सारला आणि शिवण अंगठ्याने दाबून पाहिली. "भार सगळा ह्या एका टाक्यावर दिलाय बघा. कापड बारीक घेतलंय त्ये ठीक हाय, पर पट्टा जिथं लागतो तिथं कशाला काटकसर?" मग जाड सुई लावून, आतून ताडपत्रीचा चौकोनी तुकडा देऊन, त्यावर चौकट आणि मधे फुली अशी शिलाई मारली. हात इतका स्थिर होता की मशीनच पुढे-मागे सरकतंय असं वाटावं. जाताना त्यांनी साखळीकडे नजर टाकली. पावसाने तिचं तेल धुऊन नेलं होतं आणि ती पौडापासून किरकिरत होती. त्यांनी आपल्या मशीनच्या तेलाची कुपी पुढे केली. ते तेल पातळ असतं, पावसात तासा-दोन तासांत निघून जातं. पावसाळ्यात साखळीला घट्ट, चिकट तेल लागतं आणि लावून झाल्यावर वरचं फडक्याने पुसावं लागतं, नाहीतर चिखल त्यावर बसून दातांना कानस लावतो. पण त्या वेळी कुपीतल्या चार थेंबांनी साखळी गप्प केली. ताडपत्रीच्या तुकड्याने वजन किती वाढलं हे मेहुण्याने विचारलं नाही. घासाघीस न करता पैसे दिले. जीपे चालत नव्हतं. नाणी मी दिली.

ताम्हिणीचा डोंगर २०१३ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. एका वस्तीवर विचारून अंगणात ठोकला. सिंथेटिक कापडातही फरक असतो. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणतं आणि तंबू सैल पडतो. रात्री दर तासाला उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिस्टरचा तंबू एवढा त्रास देत नाही. मेहुण्याचा नायलॉनचा होता, शंभर ग्रॅम वाचवलेला. दहा वाजता कापड त्याच्या नाकाला लागलं. अकराला बदकं भिजली. साडेअकराला पडवीतून आजींचा आवाज आला, "या रं आत पोरांनो, मरताय का भायेर?"

आजींनी घोंगडं दिलं. किमान दोन किलोचं असावं, मेंढीच्या वासाचं, जाडंभरडं. लोकर ओलसर झाली तरी तिच्या वळलेल्या तंतूंत हवा राहते, म्हणून ती ऊब सोडत नाही. मेहुणा त्यात शिरला आणि मिनिटभरात घोरू लागला. ते घोंगडं सायकलवर न्यायचं नव्हतं, हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. सकाळी भाकरी, खेकड्याचा रस्सा, आणि लाडवांचा डबा आजींच्या नातवंडांत रिकामा. घरून निघाल्यापासून आमचं एवढं वजन एका फटक्यात कधी कमी झालं नव्हतं.

विळ्याच्या उतारावर ब्रेक वाजायला लागले. ओल्या चिखलाने ब्रेकचे पॅड साबणासारखे झिजतात, एका घाटात नवे जुने होतात. जोडीचं वजन वीसेक ग्रॅम, पण टूथब्रशच्या दांड्यापायी ते यादीतून गळले होते. माझे तारेचे ब्रेक होते, तारेचा स्क्रू बोटाने दोन फेरे फिरवला की दांडी पुन्हा हाताला लागते. त्याचे तेलाचे होते. उतार त्याने पाय घासत, देवाचं नाव घेत संपवला. बूटही पाऊण ग्रॅमने हलके झाले असतील.

परत आल्यावर खरी मेहनत. तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकला की आतला पातळ लेप पाणी खाऊन चिकट होतो, बुरशी धरतो आणि पुढच्या वर्षी तंबू उघडताना आपल्यालाच चिकटतो. पिसांची बॅग दाबून ठेवायची नाही, मोकळी लोंबू द्यायची. चेनवर मेणबत्ती फिरवायची म्हणजे दात अडकत नाहीत. पावसाळी पुण्यात हे वाळायला आठवडा जातो. मेहुण्याने सासूबाईंच्या बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून नारिंगी तंबू पसरला. टीव्ही दिसेना, सोफ्यावर बसायचं तर वाकून जावं लागे. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई, मांडव घातलात?"

"घातलाय," सासूबाई म्हणाल्या, "मुलगी मिळाली की कळवते."