अटॅकच निघू दे रे देवा!

मध्यरात्री छातीत कळ आली की पूर्वी माणूस देवाला विनवायचा, ‘गॅस असू दे.’ हल्लीचा जाणता पॉलिसीधारक रिक्षात बसल्या बसल्या पुटपुटतो, ‘अटॅकच निघू दे.’

त्याचं बरोबर आहे. केवळ तपासणी आणि निदानासाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही, असं कलम पॉलिसीत असतं. ईसीजी होतो, इको होतो, रात्रभर आयसीयूत वायरी लावून ठेवतात आणि सकाळी डॉक्टर हसत सांगतात, ‘काही नाही हो, ॲसिडिटी!’ घरचे पेढे आणायच्या बेतात असतात, तोवर मेसेज येतो: क्लेम नामंजूर. आमच्या शेजारच्या काकांचं हेच झालं. काकू अजून ऐकवतात, ‘इतकी वर्षं मिसळ हाणलीत, साधा एक ब्लॉकेज आणता आला नाही!’

खरा अटॅक असला तरी हुरळून जाऊ नये. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर विचारतो, ‘बीपी आहे का?’ रुग्णाची वाचा गेलेली असते, म्हणून मेहुणा पुढे सरसावतो. ‘आहे ना! असेल सात-आठ वर्षं.’ डॉक्टर ते केसपेपरवर उतरवतो. या मेहुण्याला सख्ख्या बहिणीच्या लग्नाचं साल सांगता येत नाही, पण विमा कंपनीच्या लेखी त्याच्याइतका भरवशाचा इतिहासकार दुसरा नाही. पॉलिसी तीन वर्षांची, बीपी आठ वर्षांचं. म्हणजे तुम्ही आजार लपवलात! पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला असं काही उकरून काढता येत नाही. 2024 पूर्वी ही मुदत 8 वर्षं होती. तेव्हा अटॅक सहाव्या वर्षापर्यंत थोपवून धरावा, आणि तरीही मेहुण्याला आल्या आल्या पार्किंग शोधायला पिटाळावं.

मग खोली. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याला रोज एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये. रात्री दोन वाजता शिल्लक काय, तर 8,000 ची खोली. आपण उदार मनाने म्हणतो, वरचे तीन हजार आम्ही भरू. तसं नसतं. डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचं भाडंही त्याच प्रमाणात कापलं जातं. 1,60,000 झाले असतील तर हाती 1,00,000. सर्जन तोच, सुरी तीच, पण तुमच्या खोलीतला सोफा जरा मोठा होता. औषधं, तपासण्या आणि स्टेंटला ही कात्री लावायची नाही असा नियम आहे. हातमोजे आणि कापूस मात्र बहुतेक पॉलिसींत उपचार समजले जात नाहीत. पुढच्या वेळी घरून न्यावेत.

कॅशलेसची मंजुरी अर्ज आल्यापासून तासाभरात द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये बजावलं आहे. हृदयवाल्यांच्या ‘गोल्डन अवर’लाही तेवढाच वेळ असतो, त्यामुळे दोन्ही घड्याळं जोडीने चालतात. तोवर काउंटरवर ‘डिपॉझिट भरा, नंतर ॲडजस्ट होईल’. जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार मागून, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय. डिपॉझिट हा बहुधा सोपस्कारांत मोडत नसावा, तो श्रद्धेचा भाग आहे.

डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव आकार कंपनीने आपल्या भागधारकांच्या पैशातून सोसायचा. म्हणून सलाईन काढलेला, शर्ट-पँट चढवलेला रुग्ण बेडच्या कडेला बसून असतो आणि पावणेतीन तास झाले की कंपनीचे क्लेम हाताळणाऱ्या टीपीएची क्वेरी येते: ‘रुग्णास दाखल करण्याची गरज का भासली, हे डॉक्टरांनी लेखी कळवावे.’ डॉक्टर तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत बसलेले असतात.