दहा रुपयांची उलटतपासणी

लोकलमध्ये हात पुढे आला की अर्धा डबा न्यायाधीश होतो. बाई धडधाकट दिसते, मग धुणीभांडी का करत नाही? कडेवरचं मूल तिचंच कशावरून? हा खरंच आंधळा असेल तर दरवाजातला दांडा त्याला बरोबर कसा सापडला? व्यवहार दहा रुपयांचा आणि उलटतपासणी खुनाच्या खटल्यासारखी. एवढं करून निकाल ठरलेलाच असतो. मान खाली जाते, मोबाइल वर येतो आणि हात पुढच्या बाकाकडे सरकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या माणसाने मागितलं आणि खिशात सुट्टे असले तर द्यावेत, आणि चौकशी न करता द्यावेत. द्यायचे नसतील तर त्याच्याकडे बघून ‘आज नाही’ म्हणावं. लहान मुलाच्या हातावर मात्र पैसे ठेवू नयेत. त्याच्यासाठी फोन करावा. तो कुठे, ते पुढे सांगतो.

आधी ‘लखपती भिकाऱ्या’चं बघू, कारण हा विषय निघाला की कोणीतरी ती गोष्ट काढतंच. ती खोटी नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या हार्बर मार्गावर रूळ ओलांडताना एक वृद्ध भिकारी गाडीखाली सापडला. रुळांजवळच्या त्याच्या झोपडीत पोलिसांना दीड लाखाच्या आसपास चिल्लर आणि पावणेनऊ लाखांच्या ठेवींच्या पावत्या मिळाल्या. त्यानंतर हात आखडायला लोकांना कायमचं कारण मिळालं. मला त्या बातमीत दुसरंच दिसतं. बँकेत पावणेनऊ लाख असलेला म्हातारा रुळाकडेच्या झोपडीत एकटा राहत होता, आणि या शहरात दरवर्षी शेकडो माणसं रेल्वेखाली किंवा रेल्वेतून पडून मरतात, तसाच तोही मेला. उद्या आपल्याला कोणी बघणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तो पै-पै जमवतो. आपण ठेवी ठेवल्या तर काटकसरी, त्याने ठेवल्या तर लबाड, हा कुठला हिशोब? २०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख १३ हजार भिकारी आणि भटके निराधार मोजले गेले. महाराष्ट्रात ते २४ हजारांच्या आसपास होते. त्यातल्या एकाच्या झोपडीत पैसे निघाले की बातमी होते, कारण बाकीच्यांच्या झोपडीत काही निघत नाही.

‘काम करा की!’ हा दुसरा आवाज. या बाजूला मोठं माणूस उभं आहे हे मान्य. बाबा आमटे भिकेच्या विरोधात होते. कुष्ठरोग्याने हात पसरावा हे त्यांना सहन होत नव्हतं. पण त्यांनी नुसता उपदेश केला नाही. वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं केलं, ज्यांची बोटं झडली होती त्यांच्या हातात अवजारं दिली, राहायला घर दिलं, आणि मग सांगितलं की भीक मागू नका. गाडगेबाबांचंही तेच. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, आजाऱ्याला औषध, बेकाराला रोजगार, ही त्यांची यादी होती आणि त्यासाठी धर्मशाळा नि अन्नछत्रं उभी राहिली. डोंबिवलीपर्यंतचा प्रवास बसून करणाऱ्याने, समोर काठी टेकून उभ्या असलेल्या सत्तरीच्या माणसाला ‘काम कर’ सांगायचं, तर कामाचा पत्ताही सोबत द्यायला हवा.

सरकारकडे पत्ता आहे, असं कागद म्हणतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बहुतेकांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. म्हणजे दिवसाला पन्नास. दोन वडापाव, एक कटिंग, संपले. तेही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला आणला तर, आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा दिला तर. जो कुर्ल्याच्या पुलाखाली झोपतो, त्याने रहिवासाचा पुरावा कोणाकडून आणायचा? वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी महिन्याला २०० रुपये आहे. बाकीची भर राज्य घालतं. केंद्राचा हा आकडा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. या काळात आमदार-खासदारांचे पगार किती वेळा हलले, ते वाचकांना माहीत आहे.

शिक्षेच्या बाबतीत मात्र सरकारचा हात मोकळा आहे. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक कायदा केला आणि तो महाराष्ट्रात आजही आहे. त्यात भीक म्हणजे काय, याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणं म्हणणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरत दाखवणं, वस्तू विकणं, यातलं कोणतंही निमित्त करून पैसे मागितले की ती भीक. चरितार्थाचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर फिरतो, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो. गळ्यात स्पीकर अडकवून जुनी गाणी म्हणणारं अंध जोडपं या व्याख्येत बसतं. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारात येणारा वासुदेवसुद्धा बसतो. पहिल्यांदा पकडलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दहा वर्षं! बँका बुडवून परदेशी गेलेल्यांची नावं इथे घेत नाही, ती पाठ आहेत.

आणि विकायला जावं तर? अंध विक्रेता आधारकार्डाची कव्हरं, पेनं, सेफ्टी पिना घेऊन चढतो, कारण त्याला भीक मागायची नसते. १९८९ च्या रेल्वे कायद्यातल्या १४४ व्या कलमाने विनापरवाना फेरीवाल्याला आणि भिकाऱ्याला एकच शिक्षा लिहिली होती, वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. विकलं तरी गुन्हेगार, मागितलं तरी गुन्हेगार.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये १९५९ च्या याच मुंबईच्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. न्यायमूर्ती गीता मित्तल आणि सी. हरी शंकर यांचं म्हणणं असं की, पोटाला देणं हे सरकारचं काम. ते न करता उपाशी माणसालाच शिक्षा करणं घटनेत बसत नाही. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती उच्चभ्रू नजर घ्यायला नकार दिला. माणूस भीक मागतो, कारण त्याच्यापुढे दुसरं काही नसतं, असं पीठाने म्हटलं. ज्या राज्यात हा कायदा जन्मला त्या राज्याने तो अजून कशासाठी जपून ठेवला आहे?

आता मुलं. फरशीच्या दोन तुकड्यांच्या चिपळ्या करून गाणारी पोरं मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं दिसतात. त्यांना पैसे दिले की त्यांची शाळा आणखी लांब जाते, कारण मूल जितकं मिळवून आणेल तितकं ते पुन्हा पाठवलं जाणार. इथे माझं मन घट्ट आहे. पण ‘यामागे टोळी असते’ एवढं बोलून खिडकीबाहेर बघणाऱ्यांचा मला संताप येतो. टोळी आहे असं खरंच वाटतं ना? मग भारतीय न्याय संहितेचं १३९ वं कलम बघा. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर किमान दहा वर्षं, आणि त्यासाठी त्याला अपंग केलं तर किमान वीस वर्षं तुरुंगवास. एवढा भयंकर गुन्हा डोळ्यांसमोर घडतोय असं वाटत असताना शांत बसणारा माणूस मनातून टोळीवर विश्वासच ठेवत नसतो. त्याला पैसे न देण्याची सबब हवी असते. १०९८ हा मुलांसाठीचा फोन फुकट लागतो. रेल्वेचा १३९ आहे. गाडी कोणती, कुठल्या दिशेची, कितवा डबा, पुढचं स्टेशन कोणतं, एवढं सांगायला मिनिटभर पुरतं.

तृतीयपंथीयांबद्दल डब्यात दोन गोष्टी एकत्र नांदतात, भीती आणि कुचेष्टा. शाप लागेल म्हणून नोट काढायची आणि पाठ फिरली की खिदळायचं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये त्यांना तृतीय लिंग म्हणून ओळख दिली, तरी महाराष्ट्रात पोलिस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यायला डिसेंबर २०२२ उजाडला, तोही मुंबई उच्च न्यायालयाने कान पिळल्यावर. दुकानात, शाळेत, हॉटेलात, ऑफिसात कुठेच उभं करायचं नाही आणि लोकलमध्ये टाळी वाजवली की त्रास होतो म्हणायचं. कोणी अंगाला हात लावला, शिव्या दिल्या, तर ठामपणे नाही म्हणा. ते सहन करण्याचं कारण नाही. पण भीतीने पैसे देऊ नका. माणूस म्हणून द्या किंवा माणूस म्हणून नाही म्हणा.

‘तो दारू पिईल’ हे वाक्य राहिलंच. पिईल कदाचित. दिलेल्या दहा रुपयांवर आपली मालकी उरत नाही, एवढंच त्याचं उत्तर.

हे सगळं आज लिहावंसं वाटलं ते इंदूरमुळे. तिथल्या प्रशासनाने १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायचं ठरवलं. त्याच महिन्यात मंदिरासमोर दहा रुपये देणाऱ्या एका माणसावर गुन्हा दाखलही झाला. भिकाऱ्याची खबर देणाऱ्याला हजार रुपये बक्षीस ठेवलं. तिथे काहींचं पुनर्वसन झालं, मुलं शाळेत गेली, असं प्रशासन सांगतं. झालं असेल तर चांगलंच आहे. तेवढंच करावं, आणखी जोरात करावं. पण भुकेल्याला दहा रुपये देणं गुन्हा आणि त्याची चुगली करणं हजार रुपयांचं, असं शहर मला नको. इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं म्हणून आपल्याकडचे महापालिका अधिकारी तिथे अभ्यासदौरे करतात. परत येताना हा हुकूमही बॅगेत घालून आणतील, याची मला धास्ती आहे. तसा तो ठाण्यात, पुण्यात, मुंबईत निघाला, तर मोडणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिल्या दिवशी लिहून घ्यावं.