दादरला गाडी बदलतो तसं

मुंबईहून मध्यरात्रीनंतर युरोपमार्गे अमेरिकेला निघणाऱ्या प्रत्येक विमानात एक गृहस्थ असतातच. अंगात बिनबाह्यांचं स्वेटर, पायांत मुलानं मागच्या खेपेला घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी आणि काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलीत तिकिटाच्या तीन प्रती, कारण "मोबाइलचा काय भरवसा?" ही त्यांची चौथी खेप असते. आधीच्या तीन खेपांत काय झालं ते मात्र ते सांगत नाहीत.

आमच्या वाट्याला आलेले माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठे होते, पण दहा मिनिटांत ते आमचे काका झाले.

"पहिल्यांदाच ना?" त्यांनी रांगेतच ओळखलं. बायकोनं आमच्या बॅगेला नायलॉनच्या दोरीचे चार वेढे दिले होते, तेव्हा ओळखायला फार अनुभव लागत नव्हता. "अजिबात घाबरायचं नाही. फ्रँकफुर्ट म्हणजे काय हो? दादरला सेंट्रलवरून वेस्टर्नला जातो, तेवढंच."

(२०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांचे नंबर बदलले, तेव्हापासून मी दादरलाही चुकतो. पण हे बोललो नाही.)

बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर 'ओआरडी' लिहिलेलं पाहून बायको हबकली. "अहो, यात शिकागो कुठंय?"

"ऑर्डिनरी," काका म्हणाले. "आपला क्लास, वहिनी."

शिकागोचा विमानतळ पूर्वी ऑर्चर्ड फील्ड होता, म्हणजे फळबागेचं मैदान. १९४९ मध्ये नाव बदलून ओहेअर झालं, अक्षरं तेवढी जुनीच राहिली. हे आम्हाला पुढे लेकीनं सांगितलं. तोवर बिझनेस क्लासच्या बॅगांवर काय लिहीत असतील, या विचारानं बायकोला विमानात झोप लागली नाही.

काकांची दोन तत्त्वं. एक, मनगटावरचं घड्याळ परदेशातही भारतीय वेळेवर ठेवायचं, कारण दुपारी बाराची बीपीची गोळी शरीराला आपल्याच वेळेनं लागते. दोन, पाट्या वाचत बसायचं नाही. "आपल्या विमानातला एक हुशार दिसणारा माणूस धरायचा आणि त्याच्या मागे सुटायचं."

सकाळी सहाला फ्रँकफुर्टला उतरलो. पुढच्या विमानाचं बोर्डिंग दहाला होतं. काकूंना दारातच व्हीलचेअर घेऊन एक मुलगी भेटली. काकूंनी हात हलवला आणि त्या दिसेनाशा झाल्या. "तिचे गुडघे," काका कुजबुजले. मग त्यांची नजर मनगटाकडे गेली. "नऊ चाळीस! वीस मिनिटं राहिली! पळा!"

आम्ही पळालो. पुढे पाठीवर लॅपटॉपची सॅक लावलेला एक तरुण, त्याच्या मागे काका, काकांच्या मागे आम्ही, आणि आमच्यावर विश्वास ठेवून आणखी तीन जोडपी. तरुण बर्लिनला निघाला होता, हे त्यानं पासपोर्टवर शिक्का घेतला तेव्हा कळलं.

काचेमागच्या अधिकाऱ्यानं काकांकडे शेंगेन व्हिसा मागितला. काकांनी ऐटीत अमेरिकेचा दाखवला. अमेरिकेचा व्हिसा असला की आपल्याला जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, हे त्यांचं ज्ञान बिनचूक होतं. फक्त ते ट्रान्झिटमधून बाहेर पडून जर्मनीतच शिरायला निघाले होते. अधिकाऱ्यानं बोर्डिंग पास पाहिला, आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पेननं आधी आमच्या मागची वाट दाखवली, मग भिंतीवरचं घड्याळ. सव्वासहा वाजले होते.

"यांची घड्याळं साडेतीन तास मागे आहेत," काका आम्हाला म्हणाले. स्वरात जर्मन लोकांविषयी थोडी निराशा होती.

गेट 'झेड' होतं. "ए, बी, सी करत शेवटचं अक्षर. तीन किलोमीटर तरी चाल आहे," असं म्हणून काकांनी आम्हाला भुयारातून बीकडे नेलं आणि बीकडून परत आणलं. झेड हे एच्याच डोक्यावर आहे. एकाच इमारतीत खाली ए, वर झेड. हे ज्यानं ठरवलं त्याला बाराखडी शिकवणारे गुरुजी भेटले नसावेत.

वर जाण्याआधी पुन्हा सुरक्षा तपासणी. मुंबईत झाली होती, पण इथे मुंबईची धरत नाहीत. काकांच्या खांद्यावरच्या पिशवीतून कैरीच्या लोणच्याची बरणी निघाली.

"नॉट लिक्विड," काका म्हणाले. "मँगो."

तपासणाऱ्या बाईनं बरणी हळूच कलती केली. तेल संथपणे एका बाजूला आलं. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून शंभर मिलिलिटरचा नियम आहे. कट करणारे कोण, कुठले, आणि शिक्षा कैरीच्या लोणच्याला! बरणी टोपलीत गेली. "मुरलं होतं हो छान," एवढंच काका बोलले, आणि पहिल्यांदाच मला ते सख्ख्या काकांसारखे वाटले.

गेटवर पोचलो तेव्हा काकू खिडकीशी दशमी खात बसल्या होत्या. दीड तास झाला होता म्हणे. त्यांनी आम्हालाही एकेक दिली. बायकोनं गुडघ्यांची चौकशी केली.

"ठणठणीत आहेत," काकू म्हणाल्या. "पण खुर्ची ढकलणाऱ्याला रस्ता माहीत असतो. दुसऱ्या खेपेपासून मी मुलाला तिकिटाबरोबर खुर्चीही सांगायला लावते."

"आणि काकांना?"

"त्यांना आवडतं चालायला."

भिंतीवर साडेआठ झाले होते. काकांनी मनगटाकडे पाहिलं, बाराची गोळी घेतली आणि शेजारच्या बाकावर नव्यानंच येऊन बसलेल्या जोडप्याकडे वळले. "पहिल्यांदाच ना?"